चूक सापडली नाही म्हणून शून्य

मंगळवार, तिसऱ्या तासानंतर, स्टाफरूम

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो आहे. पण पत्रातून ते दिसत नाही, म्हणून पूर्ण वाकलो असं समज.) तुझा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की ते व्यायाम कसे चुकीचे आहेत हे त्यांनाच समजावून सांगतेस? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घे. शेजारच्या बाईंशी पुन्हा बोलणं सुरू झालं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग, नसेल तर सांगू नकोस. आम्ही सगळे मजेत. तुझी सूनबाई नेहमी आठवण काढते. मी काही चुकलो की हमखास काढते, त्यामुळे अलीकडे रोजच काढते. एवढं लांबलचक पत्र पाहून घाबरू नकोस. सहज लिहायला बसलो आहे, काम असं काही नाही.

तर झालं असं, की या सत्राच्या सुरुवातीला आमच्या विद्यापीठात एक परिपत्रक निघालं. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या विषयात एआयचा वापर आणि परिणामकारक अध्यापनपद्धती, असं दोन्ही एकदम आणावं आणि आणल्याचा अहवाल द्यावा. (तुझ्या वेळी परिपत्रक निघायचं ते खडू जपून वापरण्याबद्दल. तेव्हा प्रगती आहे.) एआय म्हणजे काय ते मागे तुला फोनवर सांगितलं होतं. काहीही विचारा, ते यंत्र दोन क्षणांत मुद्देसूद निबंध लिहून देतं आणि वर आणखी काही मदत हवी का, असंही विचारतं. मुलं गेली दोन वर्षं सगळ्या असाइनमेंट त्याच्याकडूनच करून आणतात, आणि आपल्याला ते कळलेलं नाही असा चेहरा करून आम्ही त्या तपासतो. परिपत्रकाच्या पाठोपाठ वर्कशॉप आलं. प्रशिक्षक बाई फार उत्साही. त्यांनी आम्हा सगळ्यांना रंगीत चिकट चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, आधी एकट्याने विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्यांना सांगा. माझ्या शेजारी गणिताचे प्राध्यापक होते. ते पहिल्याच पायरीवर इतके रमले की दुसरीसाठी त्यांना हलवून जागं करावं लागलं. पण खोटं कशाला बोलू, बाईंचं एक वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. त्या म्हणाल्या, मुलांना उत्तर देऊ नका, उत्तर तपासायला द्या. त्या दिवशी मी बऱ्याच वर्षांनी विचार करत घरी आलो, आणि सूनबाईने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

मग मी एक असाइनमेंट तयार केली. मलाच तिचं फार कौतुक वाटलं, म्हणून नीट सांगतो. मुलांनी यंत्राला एक प्रश्न विचारायचा, आलेलं उत्तर छापून आणायचं आणि त्यातल्या चुका शोधून खाली दुरुस्त करून लिहायच्या. प्रत्येक चुकीला पाच मार्क, चार चुका सापडल्या की वीसपैकी वीस. म्हणजे यंत्र वापरल्याबद्दल मुलांना रागवायला नको आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवल्याबद्दलही नको. प्रश्न सगळ्यांना एकच, आपल्या अन्नविज्ञानाच्या पाचव्या प्रकरणातला: पाव शिळा का होतो, आणि तो ताजा राहावा म्हणून काय करावं? आपल्या नोट्समध्ये याचं उत्तर तीन सुटसुटीत वाक्यांत आहे. पाव शिळा होतो तो त्यातलं पाणी उडून गेल्यामुळे. थंड जागी पाणी कमी उडतं. म्हणून पाव थंड जागी ठेवल्यास जास्त दिवस ताजा राहतो. बावीस वर्षं मी ही वाक्यं फळ्यावर लिहीत आलो आहे. (आधी नुसतं "थंड जागी" लिहायचो, पुढे मुलांना समजावं म्हणून कंसात "फ्रिज" घालायला लागलो. तेवढीच काय ती माझी भर.)

बेचाळीस मुलांपैकी एक्केचाळीस जणांनी चुका शोधून आणल्या, आणि सगळ्यांनी चार चारच आणल्या. यंत्राने लिहिलं होतं की पाव शिळा होण्याचं मुख्य कारण सुकणं हे नव्हे; भाजताना पिठातला स्टार्च फुगून मऊ होतो, तो पुढे हळूहळू पुन्हा घट्ट होत जातो, आणि फ्रिजच्या गारव्यात हे लवकर होतं. मुलांनी आपल्या नोट्स समोर धरल्या आणि त्या तीन वाक्यांशी जे जे जुळलं नाही त्यावर फुली मारली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वर्ग विचार करायला लागला, असं मला अगदी मनापासून वाटलं. तसं मी अहवालात लिहिलंसुद्धा. (अहवालाची भाषा जरा वजनदार हवी होती, म्हणून ती यंत्राकडून करून घेतली.) अहवाल वाचून समितीने माझा अभ्यासक्रम आदर्श म्हणून निवडला आणि येत्या शुक्रवारी सगळ्या विभागांसमोर माझं भाषण ठेवलं. आता हसू नकोस, पण नऊ जणांच्या कागदांवर चुकांच्या यादीच्या वर "आपण निदर्शनास आणल्याप्रमाणे माझ्या उत्तरातील चुका पुढीलप्रमाणे आहेत" असं वाक्य तसंच राहून गेलं होतं. मुलांनी आपल्या नोट्स यंत्राला दिल्या होत्या आणि त्याच्या चुका त्यालाच शोधायला लावल्या होत्या. ते बिचारं गरीब स्वभावाचं. त्याने माफी मागून चार शोधून दिल्या. हे वाक्य मी नऊ वेळा वाचलं आणि नऊ वेळा मला त्यात काहीही खटकलं नाही.

बेचाळिसावा कागद एका मुलीचा होता. वर्गात तिला सगळे बेकरीवाली म्हणतात, कारण तिच्या वडिलांची बेकरी आहे, आणि सकाळी भट्टीवरचं काम आटपून ती पहिल्या तासाला येते ती बाहीला पीठ लागलेलं असतानाच. तिने खाली एवढंच लिहिलं होतं: "या उत्तरात मला चूक सापडली नाही. नोट्समध्ये आहे." नियमाप्रमाणे चूक नाही तर मार्क नाहीत. मी शून्य दिलं, आणि त्यावर कोणी मागितलेला नसताना लाल शाईने शेराही दिला, की नोट्स वाचल्याचं दिसत नाही. आत्या, तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी मुलांवर चिडत नाही. पण त्या दोन वाक्यांवर मात्र चिडलो. मार्क चढवले, यादी बंद झाली, आणि मग कळलं की त्या शून्यामुळे तिचे अंतर्गत मार्क कमी पडतात आणि तिला या वर्षी परीक्षेलाच बसता येणार नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नियम सगळ्यांना सारखा, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती पटकन पटली.

मागच्या सोमवारी ती माझ्या खोलीत आली. रडेल, वडिलांना घेऊन येईल, विनवण्या करेल, अशा सगळ्या तयारीने मी बसलो होतो. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेले दोन पाव काढले आणि टेबलावर ठेवले. दोन्ही एकाच घाण्यातले, तीन दिवसांपूर्वीचे, दोन्ही सारखेच बांधलेले. एक फ्रिजमध्ये ठेवलेला, एक कपाटात. म्हणाली, "सर, मार्कांचं राहू दे. दाबून बघा." मी दाबून बघितले. मग मला एक तातडीची मीटिंग असल्याचं आठवलं. (मीटिंग नव्हती. मी ग्रंथालयात जाऊन अर्धा तास वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो.)

तिथून आल्यावर मी यंत्राशी बोललो. एकट्यानेच, दार लावून. त्याने पहिल्या फटक्यात मुलीचीच बाजू घेतली. मी त्याला कळवलं की मी हा विषय बावीस वर्षं शिकवतो. ताबडतोब त्याने माझ्या अनुभवाचं मोल किती मोठं आहे ते सांगितलं आणि माझा मुद्दा अगदी रास्त असल्याचं कबूल केलं. मला जरा बरं वाटलं. मग मी लिहिलं, की पण माझी एक विद्यार्थिनी असं म्हणत नाही. त्यावर तिचंही निरीक्षण फार मोलाचं निघालं. इतका मनमिळाऊ प्राणी आपल्या अख्ख्या खानदानात जन्मला नाही, तू तर सोडूनच दे. आणि तेव्हा, आत्या, माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. मुलांनी यंत्र तपासलं ते नोट्सवरून. नोट्स मी सांगितल्या म्हणून बरोबर. मी मुलांना तपासलं तेही नोट्सवरूनच, आणि यंत्र तर ज्याच्याशी बोलेल त्याच्या बाजूचं. सगळ्यांचं सगळ्यांशी एकमत होतं. एवढ्या सगळ्या तपासणीत पावाला हात लावणारी ती एकटीच, आणि तिला आम्ही नापास केलं होतं.

मग तुझ्या भाच्याने स्वयंपाकघराची लॅब केली. सहा ब्रेड आणले. तीन बांधून फ्रिजमध्ये, तीन बांधून कपाटात, प्रत्येकावर तारीख. लॅबमधला नाजूक काटा घरी आणून रोज वजन केलं. (विभागाच्या वहीत "परत येईल" अशी नोंद करून आणला, काळजी नको.) सूनबाईने एकदा फक्त विचारलं की यातला खायचा कोणता. चार दिवसांत बांधलेल्या ब्रेडचं वजन जेमतेम हललं, म्हणजे पाणी कुठेही गेलं नव्हतं, तरी फ्रिजमधला कडक होत गेला आणि कपाटातला बराच मऊ राहिला. फ्रिजमधल्याला बुरशी उशिरा लागते एवढं मात्र खरं, ते एक श्रेय आपल्याला राहू दे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना डोळे मिटायला लावून दोन्ही खायला घातले. त्यांनीही कपाटातलाच ताजा म्हटला, आणि आता ते रोज त्याच वेळेला येतात. शेवटी मी सूनबाईपाशी कबूल केलं की नोट्समधलं वाक्य चुकीचं आहे. ती भांडी विसळत होती, विसळतच राहिली. म्हणाली, "हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तुम्ही कधी विचारलंत?"

आता मुद्द्यावर येतो. बंद झालेले मार्क बदलायचे तर परीक्षा विभागात एक फॉर्म भरावा लागतो. त्यात कारणांपुढे तीन चौकोन: बेरजेतील चूक, उत्तर तपासायचे राहिले, आणि इतर. मी "इतर"वर खूण करून पुढे लिहिलं, "परीक्षक चुकला." तिथल्या कारकुनाने फॉर्म परत दिला. माणूस वाईट नाही. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की सर, परीक्षक चुकतो हे कारण आमच्याकडे चालत नाही, बेरीज चुकते. बेरीज लिहा, पाच मिनिटांत काम होतं. वीसपैकी शून्य, आत्या! यात बेरीज कशाची चुकणार? तरी पेन हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. शुक्रवारचं भाषण डोळ्यांसमोर होतं. "बेरीज" लिहिलं असतं तर मुलगी परीक्षेला बसली असती, भाषण झालं असतं, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा तीच तीन वाक्यं लिहिली असती. शेवटी नाही लिहिलं. विभागप्रमुखांकडे गेलो, तर ते म्हणाले की नोट्स विभागाने मान्य केलेल्या आहेत, मुखपृष्ठावर तुमच्या आत्यांचं नाव आहे, हा विभाग त्यांनी उभा केला, तेव्हा जपून. आता मुखपृष्ठावर तुझं नाव आहे हे खरंच आहे. (खाली बारीक अक्षरात संकलक म्हणून माझं आहे. चष्मा लावला तर दिसतं.) यात मी तुला दोष देतो आहे असं अजिबात समजू नकोस. त्या काळी माहितीच तेवढी होती. मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हे तूच मला शिकवलंस, आणि मी तो बावीस वर्षं ठेवला, यात माझी चूक असलीच तर ती फक्त विश्वासाची आहे.

बाकी सगळं क्षेम. खांद्याला शेक दे, औषधं चुकवू नकोस, आणि माझ्यावर आहे तो लोभ हे पत्र वाचून झाल्यावरही तेवढाच असू दे.

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. १: वर काम काही नाही असं लिहिलं आहे, पण एक बारीकसं आहे. सोबत एक कागद जोडला आहे. "पाचव्या प्रकरणातील विधान माझे असून ते चुकीचे आहे हे मला मान्य आहे," एवढाच मजकूर. जिथे फुली केली आहे तिथे सही कर. तुझी सही आली की विभागप्रमुख सही करणार, मग फॉर्म पुढे सरकणार. कुरिअरवाला दारात थांबेल, त्याच्याकडेच परत दे. मुदत शनिवारपर्यंत आहे आणि प्रश्न त्या मुलीच्या वर्षाचा आहे, नाहीतर तुला त्रास दिला नसता.

ता. क. २ (शुक्रवार): तो कागद मी काढून घेतला आहे. सही करू नकोस. मंगळवारी पत्र बंद करण्याआधी वाटलं, तुझ्या मूळ वहीतल्या त्या पानाची प्रत जोडावी, म्हणजे तुला पुरावा हवा असेल तर समोर असेल. (हो, मी पुरावा जोडणार होतो.) कपाटाच्या वरून वही काढली. पंचेचाळिसाव्या पानावर ती तीन वाक्यं आहेत, तुझ्या अक्षरात, शाईने. आणि समासात पेन्सिलीने तूच लिहिलं आहेस: "असे वाटते. करून पाहिलेले नाही. दरवर्षी मुलांकडून करून घ्यावे." नोकरीच्या पहिल्या वर्षी या वहीच्या छापील नोट्स मी केल्या. शाईचं सगळं टाइप केलं आणि पेन्सिलीचं गाळलं. मला चांगलं आठवतं, ते कच्चं वाटलं होतं. नोट्स कशा ठाम असाव्यात असा माझा तेव्हा समज होता. आत्या, मला फार लाज वाटली. ते पान मांडीवर घेऊन मी बराच वेळ जमिनीवरच बसून होतो, आणि उठताना कंबर पुन्हा धरली.

फॉर्मवर लिहिलं: "छापील नोट्समधील विधान चुकीचे. चूक संकलकाची. संकलक व परीक्षक एकच." विभागप्रमुखांनी ते दोनदा वाचून सही केली. कारकून म्हणाला, त्याच्या नोकरीत "इतर"वर खूण झालेला हा पहिलाच फॉर्म आहे आणि यावर शिक्का कुठे मारायचा हे त्याला विचारून यावं लागेल. पण आला विचारून. मुलगी परीक्षेला बसते आहे. वर्गात मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं सर, मी फी भरून ठेवलीच होती." बाकीच्या एक्केचाळिसांना एकच काळजी, त्यांचे वीस वीस मार्क परत घेणार का! त्यांना सांगितलं की असाइनमेंट पुन्हा करायची आहे. आता आधी पाव आणायचा, बघायचा, मोजायचा, मग यंत्राला विचारायचं, मग नोट्स उघडायच्या, आणि तिघांपैकी कोण चुकलं ते लिहायचं. "कोणीच नाही" हे उत्तरही चालेल, पण कसं तपासलं ते दाखवायचं. आजचं भाषणही झालं. अहवाल बाजूला ठेवून जसं घडलं तसं सांगितलं. गणिताचे प्राध्यापक जागे होते. शेवटी प्रशिक्षक बाईंनी हे सगळं एका चिकट चिठ्ठीवर मावेल असं लिहून द्यायला सांगितलं, ते अजून जमलेलं नाही. वरचं पत्र फाडून नवं लिहिणार होतो. पण तसंच पाठवतो आहे. मी किती गोड शब्दांत तुझ्यावर ढकलत होतो ते तुला कळायला हवं.

ता. क. ३ (रविवार): आणि आता खरं काम. कालपासून तुझी वही पहिल्या पानापासून वाचतो आहे. पेन्सिलीच्या अशा ओळी एकूण चोवीस आहेत. "हे असेच का?" "खात्री नाही." "मुलांना विचारावे." एकीपुढे तर "मुलाने विचारले, मला आले नाही" असं लिहून त्याखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. तेरा ओळी वाचता आल्या, त्या मी पुढच्या सत्राच्या तेरा आठवड्यांना लावून टाकल्या. अकरा ठिकाणी पेन्सिल पुसली गेली आहे, नुसता ओरखडा दिसतो. त्या पानांचे फोटो काढून यंत्राला दाखवले. त्याने अकराच्या अकरा ओळी न अडखळता वाचून दिल्या. दुपारी पुन्हा दाखवले, तेव्हाही न अडखळता वाचून दिल्या, फक्त सगळ्या वेगळ्या. म्हणून तुला विचारतो. सोबत अकरा पानांच्या प्रती आहेत. तिथे तुला कसली शंका आली होती ते आठवून लिही. घाई नाही, खांदा सांभाळून, रोज एक पान केलंस तरी पुष्कळ झालं. आणि जिथे आठवणार नाही, तिथे "आठवत नाही" असं लिही. तेही मी वर्गात वाचून दाखवीन. आता काही गाळणार नाही.